पलीकडच्या पावणीचा आवाज

कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या कसबा बावड्यात ते आधी नाकाला कळतं. उकळत्या रसाचा गोड वास, आणि त्याच्या पोटात मळीचा आंबूस दर्प. दुसऱ्या दिवशी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवर काळी राख उतरते. नुसती झटकली तर जाते, चुकून बोट लावलं तर डाग पडतो आणि तो डाग पुढचा हंगाम येईपर्यंत निघत नाही. मग उसाचे ट्रॅक्टर. मागे दोन-दोन ट्रॉल्या, मागच्या दिव्यांचा पत्ता नाही, आणि चालकाच्या डोक्यावर मात्र गल्लीतल्या खिडक्या थरथरतील एवढे स्पीकर. लांबून गाणं येतं, जवळ येतं, अंगावर येतं, आणि कारखान्याच्या वळणावर विरून जातं. ते विरेपर्यंत मागचा ट्रॅक्टर दुसरं गाणं घेऊन हजर.

यंदाही सगळं ठरल्यासारखं आलं. लोक गुऱ्हाळावरून काकवी आणताहेत, पोरं चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढताहेत आणि त्यांच्या आया त्यांना शिव्या घालताहेत. मला मात्र हा हंगाम आता सोसत नाही. पूर्वी आवडायचा. दोन हंगामांमागे आमच्या घरात एक भाषा राहायला आली होती. दक्षिण अमेरिकेतल्या, ॲमेझॉनला मिळणाऱ्या कुठल्याशा नदीच्या काठची. चार-पाच महिने ती आमच्यात राहिली आणि गेली. ती कशी गेली ते लिहून काही परत येणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी ट्रॅक्टर वाजायला लागले की ते सगळं आठवतं, म्हणून लिहिते.

माझी थोरली बहीण, आक्का, हिची मुलगी पद्मा. पद्मा भाषांचा अभ्यास करते. म्हणजे ती भाषा शिकत नाही, भाषा कशी चालते ते शिकते, असं ती मला समजावायची. मी आयुष्यभर पहिलीच्या पोरांना ग म भ न शिकवलं, मला दोन्हींतला फरक अजून नीटसा कळलेला नाही. बरीच वर्षं ती त्या नदीकाठच्या खेड्यात जाऊन-येऊन होती. आक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि पद्मा आईजवळ राहायला आली, ती लॅपटॉप आणि कानावर घालायची दोन मोठी भांडी घेऊन. आक्का पुढच्या खोलीत कॉटवर पाय लांब करून. पद्मा तिच्या पायथ्याशी टेबल टाकून बसलेली. मी मागच्याच गल्लीत राहते. नोकरी संपलेली, घरी वाट बघणारं कुणी नाही, त्यामुळे जेवणाचा डबा घेऊन गेले की तिथेच.

त्या भाषेचं नाव मी इथे लिहिणार नाही. आणि जिच्यामुळे ती आमच्या घरात आली त्या म्हातारीचंही नाही. विसरले म्हणून नव्हे. कारण पुढे येईल.

पद्मा त्या खेड्यातल्या शाळेसाठी पहिलं पुस्तक करत होती. त्या भाषेला अक्षरं नव्हती असं नाही. उलट जरा जास्तच झाली होती. फार पूर्वी पाद्री आले. त्यांनी आपल्या स्पॅनिशच्या वळणानं ती लिहून ठेवली, त्यामुळे एकच ‘क’ एका शब्दात एका अक्षरानं आणि दुसऱ्या शब्दात भलत्याच अक्षरांनी. मग सरकारी माणसं आली, त्यांनी पाद्र्यांचं मोडून आपलं घातलं. म्हाताऱ्यांची प्रार्थनेची पुस्तकं जुन्या अक्षरांत, शाळेचे तक्ते नव्या अक्षरांत, आणि तरुण मंडळी येतात तेवढे चार शब्द मोबाइलवर हाताला येईल तसे टाइप करणार. एका स्वरासाठी कमरेत आडवी रेघ मारलेलं अक्षर ठरवलं होतं. ते मोबाइलवर मिळेना, म्हणून ज्यानं त्यानं त्याच्या जागी मनाला येईल ते घातलं. पद्मानं गावाच्या बैठका घेऊन, भांडणं ऐकून, शेवटी एक वर्णमाला ठरवून घेतली होती. आता प्रत्येक अक्षरापुढे शब्द, शब्दापुढे चित्र, आणि चित्राखालच्या ठिपक्यांच्या चौकोनावर मोबाइल धरला की त्या म्हातारीच्या आवाजात तो शब्द ऐकू यावा, अशी सोय. तिच्याच आवाजात, कारण ती भाषा अस्खलित बोलणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. तिच्या लेकीला कळायची सगळी, बोलता तुटक यायची. नातवंडं स्पॅनिश बोलत होती.

आमची संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. दिवे लागायच्या आधी आक्काचं जेवण उरकायचं. आमचं जैनांचं घर, आणि आक्का त्यातली कडक. सूर्य बुडाल्यावर पाणीसुद्धा नाही. ती आचवून बसली की पडद्यावर पलीकडच्या शाळेचा व्हरांडा उजाडायचा. मागे केळी, पत्र्यावर पाऊस, मध्येच एखादी कोंबडी. आणि मधोमध बाकावर ती म्हातारी. गळ्यात बियांच्या माळा, अंगात कुठल्यातरी फुटबॉलच्या संघाचा बनियन. शेजारी फोन धरून तिची लेक.

आक्कानं पहिल्याच दिवशी तिला विचारलं, “काय पावणं, जेवलासा का न्हाय?”

पद्मा म्हणाली, “आई, त्यांना मराठी येत नाही.”

“न्हाय का येईना. इचारायचं सोडायचं व्हय? दारात माणूस आलंय.”

तेव्हापासून ती आमची पावणी. पावणीला मराठी येत नव्हतं आणि आक्काला पावणीची भाषा येत नव्हती, पण दोघींनाही मोठ्यानं बोललं की समोरच्याला कळतं यावर पूर्ण विश्वास होता. पावणी कसावाचा कंद पडद्याला लावून दाखवायची, अभिमानानं, आपल्या बागेतला, मांडीएवढा. आक्का कंदमुळाला शिवत नाही. ती तोंडभर हसून “लई ग्वाड दिसतंय” म्हणायची आणि बदल्यात दोडका दाखवायची. दोडका बघून पावणी इतकी हसली की लेकीच्या हातातला फोन हलायला लागला. का हसली ते पद्मानं आईला सांगितलं नाही, मला स्वयंपाकघरात सांगितलं, आणि मी ते इथे लिहिणार नाही.

काम असं चालायचं. पद्मा चित्र दाखवायची, पावणी शब्द म्हणायची, पद्मा तो पुन्हा म्हणायची, पावणी मान हलवायची. चुकलं. पुन्हा. तेवढ्यात इकडे ट्रॅक्टर. सगळ्यांनी गप्प बसायचं, गाणं वळणापर्यंत जाऊ द्यायचं, मग पुन्हा. दोन ट्रॅक्टरांच्या मधल्या फटीत जेवढे शब्द मावतील तेवढे त्या संध्याकाळचे. पावणीला पुढे पुढे ती गाणी आवडायला लागली. ट्रॅक्टर आला की ती बाकावरच खांदे उडवायची.

तो कमरेत रेघ असलेला स्वर पद्मानं मला शिकवायचा प्रयत्न केला. ओठ ‘ई’ म्हणताना ठेवतो तसे पसरून ठेवायचे आणि तसेच ठेवून ‘उ’ म्हणायचा. मी आरशासमोर उभी राहून करून बघितलं. ओठ ऐकतच नाहीत. ‘उ’ म्हणायचा म्हटला की पुढे येतातच. पावणीला हे कळलं तेव्हा ती फोनच्या इतकी जवळ आली की पडद्यावर नुसतं तोंड. जीभ, टाळू, दात. तिनं स्वर म्हटला, जीभ मागे सरकताना दिसली, पुन्हा म्हटला. आक्का कॉटवरून म्हणाली, “दात बघ गं सुमे, एक पडलेला न्हाय. माझ्या बरोबरीची हाय म्हणती पद्मा.”

मग काही अख्खे शब्दच नाकातून. आपल्याकडे एखादं अक्षर नाकात जातं. तिथे पहिला सूर नाकात गेला की पुढचा सगळा शब्द त्याच्या मागोमाग जातो. माझ्याबरोबर शाळेत मालवणच्या एक बाई होत्या, त्यांचं बोलणं मला त्यातल्या त्यात जवळचं वाटलं. आणि शब्दाच्या मधोमध घसा झटकन बंद करून पुन्हा उघडायचा, तो एक प्रकार. ‘आक्का’ हा शब्द पावणी तसाच म्हणायची. आ, मग सगळं बंद, एक क्षण काहीच नाही, आणि मग का. त्या रिकाम्या क्षणात आक्का कॉटवर सरसावून बसायची.

पहिलीला शिकवताना मला एक गोष्ट कधी फळ्यावर लिहिता आली नाही. ‘चिंच’ या शब्दात दोन च आहेत. पहिला चहातला, दुसरा चाकातला. लिहायला दोन्ही सारखे. कुठल्याही पोरानं मला विचारलं नाही की बाई, पहिला कसा म्हणायचा आणि दुसरा कसा. त्याच्या आईनं त्याला चिंच दिली तेव्हाच ते तोंडात आलेलं असतं. मी फक्त अक्षर दाखवायची आणि श्रेय घ्यायची. मी हे पद्माला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मावशी, म्हणूनच मला आवाज हवाय पुस्तकात. तिथे आईच्या तोंडातून येणारं थांबलंय.” पंचवीस-तीस पिढ्यांनी आपली पोरं मराठी बोलायची थांबली आणि कुणी आमचं पहिलीचं पुस्तक उघडलं, तर चिंच ते कसं म्हणतील, असं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं. आणि हल्ली ते इतक्या पिढ्यांनी येईल असंही मला वाटत नाही. शेजारची नात ‘चाक’ म्हणताना चहातला च म्हणते. तिची आई कौतुकानं हसते.

आता ती गोष्ट सांगायला हवी, जिच्यावर सगळं टांगलेलं होतं.

त्या लोकांत माणूस गेलं की त्याचं नाव कुणी उच्चारत नाही. त्याची झोळी जाळतात, मडकं फोडतात, त्याच्या बागेकडची वाट टाळतात. त्याला मागून काही ऐकू गेलं तर तो वळतो, वाट चुकतो आणि घराभोवती घुटमळत राहतो. मग घरातलं कुणीतरी आजारी पडतं. आणि गेलेल्यानं हाक मारणं तर सगळ्यात वाईट. हे सगळं नदीला एकदा पूर येऊन ओसरेपर्यंत पाळायचं. पद्मानं काम सुरू करतानाच पावणीशी याबद्दल बोलून घेतलं होतं. पावणीनं सांगितलं होतं, मी आहे तोवर माझा आवाज वापर. मी गेले की बंद करून ठेव. नदी चढून उतरली की माझ्या लेकीला विचार. ती हो म्हणाली तर पोरांना ऐकव, नाही म्हणाली तर जाळून टाक.

लेक हो म्हणेल अशी पद्माला खात्री होती. लेकीलाच तर ते पुस्तक सगळ्यात जास्त हवं होतं. शाळेतल्या बैठकांत तीच भांडली होती. हे सगळं पद्मानं आम्हाला एकदा जेवताना सांगितलं होतं. आक्का ‘व्हय का’ म्हणाली आणि तिनं पद्माला आणखी एक भाकरी वाढली.

आक्काचं आणि पावणीचं आता पद्मावाचूनही चाललं होतं. लेकीच्या फोनवरून आक्काच्या फोनवर पावणीचे आवाज यायला लागले. सकाळी उठल्यावर आक्का चहाबरोबर ते लावायची. आ, मग बंद, मग का. पुढे काहीतरी लांबलचक, मध्ये हसू, मागे पाऊस. आक्का पुन्हा लावायची, आणि उत्तर द्यायची. “व्हय की पावणं. हितं पण तसंच हाय बघा. पाय वाकतोय आता. डॉक्टर म्हंतोय जिना चढा. तुमचं कसं हाय?” पद्मा कधी अर्थ सांगू लागली तर आक्का म्हणायची, “ऱ्हाऊ दे, कळलंय मला.” मला त्या वेळी हे बघून फार बरं वाटायचं. आयुष्यात पुन्हा कधी इतकं बरं वाटेलसं वाटत नाही.

हंगाम संपत आला होता. ट्रॅक्टर तुरळक झाले होते, शब्द भराभर होत होते. पावणी दोन संध्याकाळी आली नाही. मग लेक एकटी आली, म्हणाली ताप आहे. मग होडीनं तालुक्याच्या दवाखान्यात नेत आहेत असा निरोप. मग काही नाही. मग एका सकाळी पद्मा फोन हातात घेऊन पुढच्या खोलीत आली आणि आईच्या कॉटच्या कडेवर बसली. आक्कानंच विचारलं, “पावणं गेली न्हवं?”

आक्का रडली. मी तिला आमच्या दाजींच्या वेळीही इतकी रडलेली बघितली नव्हती. त्या दिवशी ती सबंध दिवस जेवली नाही.

आमच्या बावड्यात माणूस गेलं की चौकात डिजिटल लागतं. फ्लेक्सला आमच्याकडे डिजिटलच म्हणतात. गेलेल्याचा मोठा फोटो, फोटोला हार, दोन्हीकडे समया, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली शोकाकुल म्हणून घरादाराची, तालमीची, मंडळाची नावं. ज्याचं डिजिटल लागलं नाही तो माणूस बेवारशी गेला असं इथे समजतात. आता डिजिटलवाले मोबाइलवर फिरवायचा व्हिडिओही करून देतात. आक्का ऑपरेशननंतर पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडली ती कोपऱ्यावरच्या डिजिटलवाल्याकडे जायला. काठी टेकत. मी भाजी आणायला गेले होते, पद्मा आतल्या खोलीत पडून होती. कुणालाच पत्ता नाही.

त्यानं व्हिडिओ मनापासून केला होता, हे म्हटलं पाहिजे. अंडाकृती चौकटीत पावणीचा फोटो, फुटबॉलच्या बनियनमधला. झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना तेवत्या समया, मागून बासरी. ‘पावणं, तुमची लई आठवण येती’ असं आक्कानं सांगितलेलं वाक्य, आणि खाली आमच्या सगळ्या घराची नावं. शेवटी बासरी थांबते, फोटो मोठा होत येतो आणि पावणीचा आवाज येतो. आ, बंद, का. आणि हसू. आक्कानं आपल्या फोनमधला तिला सगळ्यात आवडलेला तुकडा दिला होता. आणि घरी येऊन, चप्पल काढायच्या आधी, तो व्हिडिओ लेकीच्या फोनवर पाठवून दिला. दुखवट्याच्या घरी.

लेकीनं तो लावला. पुढे काय लिहू.

दोन दिवसांनी तिथल्या शाळेच्या मास्तरांचा निरोप आला, स्पॅनिशमध्ये. लेकीनं सांगितलेला, त्यांनी लिहिलेला. पद्मानं तो उभ्या-उभ्या मराठीत करून वाचला. आई वाटेला लागली होती. तुम्ही तिला मागे आणून हाक मारायला लावलीत. घरातली सगळी ऐकत होती. त्या रात्रीपासून धाकटी मुलगी तापात आहे. आईचा जेवढा आवाज तुमच्याकडे आहे तेवढा जाळा. पूर आल्यावर विचारू नका, ओसरल्यावर विचारू नका. आणि शेवटी एक ओळ, जी लेकीनं आपल्या भाषेत सांगून मास्तरांना तशीच लिहायला लावली होती, गावानं ठरवलेल्या त्या नव्या अक्षरांत. पद्मानं तिचा अर्थ सांगितला: ती गेली, आता मी हे कुणाशी बोलू?

पद्मा आईकडे वळली. ती ओरडली नाही; ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं काय झालं ते एकेक करून सांगितलं. आक्काला आधी कळलंच नाही.

“म्हंजे? माणूस गेल्यावर त्याचं नावबी घ्यायचं न्हाय? मग ते माणूस हुतं हे कळायचं कसं गं?”

“त्यांच्यात तसं नाही, आई. मी सांगितलं होतं.”

“मी काय वंगाळ केलं? आपल्यात करत्यात तसंच केलं. आपलं मानून केलं.”

“माहीत आहे.”

“लेकीला फोन लाव. मी बोलतो तिच्याशी.” आमच्याकडच्या बायका ‘बोलतो’च म्हणतात. “पाया पडतो म्हणावं.”

“ती फोन घेत नाही, आई.”

आक्कानं आपला फोन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. लहानपणी हीच मला बजावायची, दिवेलागणीला दारातून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नको, तीनदा येऊ दे. कोण असतं गं, म्हटलं की म्हणायची, कोण ते इचारू नये. मला त्या क्षणी ते आठवलं आणि मी बोलले नाही. बोलून कुणाचं भलं होणार होतं? तापात असलेल्या मुलीचं पुढे काय झालं तेही आम्हाला बरेच दिवस कळलं नाही. चार-सहा आठवड्यांनी मास्तरांनी बरी आहे म्हणून कळवलं. तेवढं एकच बरं घडलं, आणि त्याचं आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

पद्माच्या बरोबरीची अभ्यासक मंडळी म्हणाली, एक प्रत ठेव. कुलूप लावून ठेव, पन्नास वर्षं कुणाला दाखवू नको, पण जाळू नको; जगात दुसरी नाही. मीही तेच म्हटलं. अगदी स्पष्ट म्हटलं, “कुणाला कळणार आहे? ठेव गं एक.” मला आजही वाटतं तिनं ठेवायला हवी होती. आणि आजही वाटतं, ठेवली असती तर माझ्या मनातून ती उतरली असती. ही दोन्ही मतं माझ्या डोक्यात शेजारी-शेजारी राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

पद्मा म्हणाली, “मावशी, ती मला म्हणाली होती, लेक नाही म्हणाली तर जाळ. मी हो म्हटलं होतं.”

जाळण्यासारखं काही नव्हतंच. लॅपटॉपवर नुसत्या ओळी असतात. पद्मा फरशीवर बसली आणि एकेक ओळ पुसत गेली. जिथे जिथे प्रती ठेवल्या होत्या तिथे तिथे पत्रं पाठवून त्या काढायला लावल्या. शेवटचं काही राहिलं नाही ना, हे बघायला तिला ते उघडावं लागत नव्हतं, म्हणून तिनं ते शेवटचं एकदा ऐकलंही नाही. मी ऐकलं असतं. मग आक्कानं आपला फोन पुढे केला.

“ह्यातनं कसं काढायचं ते दाव. मला येत न्हाय.”

पद्मानं दाखवलं. आक्कानं स्वतःच्या बोटानं काढलं, एकेक. शंभरावर आवाज असतील. तिला वेळ लागला. मध्ये एकदा बोट चुकलं आणि एक आवाज वाजायला लागला, तेव्हा तिनं फोन उशीखाली दाबून धरला, तो संपेपर्यंत.

पुस्तकाचं आवाजाचं अंग गेलं. चित्रं आणि अक्षरं राहिली, ती गावाची होती. पद्मानं अक्षरांपुढे उच्चाराचं वर्णन लिहून दिलं: जीभ कुठे, ओठ कसे, घसा कधी बंद. मी ते वाचलं. अगदी बिनचूक आहे. जिनं आवाज ऐकलाय तिला त्यावरून सगळं आठवतं. जिनं ऐकला नाही तिला त्यावरून काय कळणार? मी आजही कधी भांडी घासताना ओठ पसरून तो ‘उ’ म्हणून बघते. काहीतरी निघतं. ते तसंच आहे का हे सांगणारं जगात कुणी नाही. लेकीला येईल सांगता, पण ती सांगणार नाही. तिनं ती भाषा सोडली. मास्तरांनी पद्माला कळवलं की ती आता घरात सगळ्यांशी स्पॅनिशच बोलते, झोपेतसुद्धा.

लोक मला म्हणतात, अहो, भाषा जातातच. कितीतरी गेल्या. मला हे म्हणणाऱ्यांचा राग येतो. माणसंही जातातच की. म्हणून आपण कुणाच्या दारात जाऊन तसं म्हणतो का? काही जण म्हणतात, पुस्तक तरी झालं, तेवढंच समाधान. मला समाधान नाही. मला ते शोधायचंही नाही. आक्काचा दोष नव्हता, लेकीचा नव्हता, पद्माचा तर नव्हताच. सगळ्यांनी आपापल्या घरचं जे चांगलं होतं ते केलं आणि त्यातून हे झालं. कुणावर तरी चिडता आलं असतं तर निदान ट्रॅक्टरचा आवाज कानात शिरला नसता. गेल्या वर्षी तर पद्मा आलीच नाही. पुण्यात कॉलेजात शिकवते, त्या नदीवर पुन्हा गेली नाही. नदीला पूर आला असेल आणि ओसरलाही असेल. आम्ही कुणी तो विषय काढला नाही.

यंदा पद्मा दिवाळीला आली आणि राहिली आहे थोडे दिवस. आक्काचा गुडघा आता चांगला चालतो, देवळाच्या पायऱ्या ती माझ्याआधी चढते. परवा दुपारी आम्ही तिघी पुढच्या खोलीत बसलो होतो, तेव्हा पद्माच्या फोनवर तिथल्या मास्तरांचा व्हिडिओ आला. पुस्तक छापून आलं होतं. सरकारी माणसं आली असावीत, कारण व्हरांड्याला पताका होत्या. पोरं ओळीनं उभी. नवे शर्ट, ओले भांग. प्रत्येकाच्या हातात पुस्तक, आणि मास्तरांनी हात वर केला की सगळी एका सुरात पहिला धडा वाचू लागली. खणखणीत. कुठे अडखळणं नाही, कुठे थांबणं नाही, घसा कुठेच बंद होत नव्हता. नाकातलं सगळं तोंडात आलं होतं. कमरेत रेघ असलेलं अक्षर ती मोकळ्या, गोल तोंडानं ‘उ’ म्हणत होती, आपण म्हणतो तसा. धडा संपला, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पोरं लाजून हसली. फार गोड पोरं होती.

पद्माला काही लिहून कळवता आलं असतं. पण काय कळवणार, आणि कशाच्या आधारावर?

आक्कानं चष्मा लावून व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून बघितला.

“लई झ्याक वाचाल्यात पोरं. कुठली म्हणायची ही?”

“तिथलीच, आई,” पद्मा म्हणाली. “पुढच्या ओळीतली दोघं लेकीची. पावणींची नातवंडं.”

आक्का फोटोतल्या माणसाकडे बघावं तशी त्या दोघांकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं चष्मा काढला.

“मग ह्यास्नी आजीची भाषा का शिकवत न्हाईत गं?”

“तीच वाचतायत, आई.”